सात नंबरचं वळण

डेपोत त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावाने कोणी हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघायचा, कोणाला बोलावतायत म्हणून. एकदा रस्त्याचं काम चालू असताना त्याने बस दोन खांबांमधून अशी काढली होती की दोन्ही आरशांवरची धूळसुद्धा जागची हलली नाही. तेव्हापासून हे नाव पडलं ते पडलंच.

त्या डेपोत एक ओरखडा-वही होती. प्रत्येक ड्रायव्हरच्या नावाचं एक पान. भिंत असो, झाडाची फांदी असो, नाहीतर रस्त्यावर पडलेलं खोकं असो, बस कशालाही टेकली की त्या पानावर नोंद व्हायची. कोणाची पानं भरून मागे पुरवण्या चिकटवलेल्या होत्या. मिलिमीटरचं पान एकतीस वर्षं कोरं होतं. महिनाअखेरीस तो निवृत्त व्हायचा होता आणि निरोपाच्या दिवशी ते पान कापून, चौकटीत घालून त्याला द्यायचं असं डेपोच्या साहेबांनी ठरवलं होतं. बायकोने बाहेरच्या खोलीतलं कॅलेंडर उतरवून खिळा मोकळा करून ठेवला होता. माणसाचा जीव कशात अडकेल सांगता येत नाही. याचा एका कोऱ्या कागदात अडकला होता.

तर शहराच्या मधोमध नवं स्थानक व्हायचं होतं. जुनी गोदामं पाडून मोकळी केलेली जागा, तिथे खाली बस, वर रेल्वे आणि जमिनीच्या पोटात मेट्रो. माणसाने एका दाराने आत यायचं आणि पावलं न झिजवता हवं तिकडे जायचं. आराखड्याचं काम एका इंजिनियर बाईंकडे होतं. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, काखेत कायम नकाशाची गुंडाळी. डेपोत त्यांना नकाशावाल्या मॅडम म्हणायचे. त्यांचं बाकी सगळं कागदावर बसलं होतं, अडत होतं ते सात नंबरच्या फलाटावर. तिथून निघालेल्या बसला लगेच एका जाड खांबाला वळसा घालून रस्त्याला लागायचं होतं आणि त्या खांबाच्या डोक्यावर रेल्वेचा फलाट होता. खांब दोन हात जरी सरकवायचा म्हटला तरी वरचं सगळं पुन्हा काढावं लागणार, खालचा एक फलाट जाणार, प्रतीक्षागृह लहान होणार. कॉम्प्युटर म्हणत होता की बस निघते. पण मॅडम शहाण्या होत्या. कॉम्प्युटरच्या बसला घाई नसते आणि तिच्यात माणसंही नसतात, म्हणून खरी बस खऱ्या जमिनीवर चालवून बघायचं त्यांनी ठरवलं.

डेपोच्या मागच्या मैदानात त्यांनी फक्कीने सात नंबरचा फलाट जसाच्या तसा आखला. खांबाच्या जागी निळे ड्रम उभे केले. सहा नंबरच्या फलाटावर खरं तर दुसरी बस उभी असणार, पण सकाळची वेळ, डेपोतली झाडून सगळी वाहनं रस्त्यावर होती. म्हणून तिथे नुसती पांढरी रेघ ओढली. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता चाचणीला कोणाला बसवायचं? पाहुणे आले की आपण घरातला चांगलाच कप काढतो. साहेबांनी मिलिमीटरला काढलं.

त्याने बस सातवर लावली, आरसे बघितले, घसा खाकरला आणि काढली. ड्रम आणि बसच्या मधे आडवा तळहात जेमतेम मावेल एवढी जागा, पण बस निघाली. न थांबता, न मागे घेता, लोण्यातून सुरी जावी तशी. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं असावं, कारण ते थोडं अवघडल्यासारखं दिसत होतं.

"काका, सगळ्यांना जमेल ना हे?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, ज्याला बस चालवता येते त्याला जमेल," मिलिमीटर खाली उतरत म्हणाला. "ज्याला येत नाही त्याने सायकल चालवावी."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सगळे हसले. मॅडमनी अहवालात लिहिलं की अनुभवी चालकाच्या मते वळण सुलभ आहे आणि त्याखाली त्याने झोकात सही ठोकली. हसणाऱ्यांत त्याची धाकटी मुलगी तेवढी नव्हती. ती नव्या गणवेशात भिंतीला टेकून उभी होती. तिला त्याच डेपोत ड्रायव्हर म्हणून लागून पाचवा महिना चालू होता आणि तिच्या पानावर दोन नोंदी झाल्या होत्या.

घरी जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला शिकवा ते वळण."

"त्यात शिकवायचं काय? बघितलंस ना?"

"बघितलं. बघून येत असतं तर आई इतकी वर्षं तुमच्या मागच्या सीटवर बसते, ती पण चालवायला लागली असती."

"मला मधे ओढू नकोस," आई म्हणाली. "आणि अहो, शिकवा तिला. फुकटची ऐट कशाला?"

रविवारी सकाळी दोघं मैदानात गेली. मॅडमना अजून मापं घ्यायची असल्याने ड्रम आणि रेघा तशाच होत्या आणि सुट्टीमुळे एक बस रिकामी मिळाली. धाकटी स्टिअरिंगच्या चाकावर बसली, हा बाहेर उभा राहिला. पहिल्या खेपेला ड्रम पडला. दुसऱ्या खेपेलाही पडला. शिकाऊ फेरीची नोंद होत नसते हे नशीब, नाहीतर पोरीचं पान त्या दिवशीच भरलं असतं. चौथ्या खेपेला मिलिमीटरचा राग नाकाच्या शेंड्यावर आला.

"अगं, मागचं चाक तुझ्या मागून सरळ येत नाही, कोपरा कापत येतं. किती वेळा सांगू?"

"माहीत आहे, बाबा."

"माहीत आहे तर मग ड्रम काय वाऱ्याने पडतोय?"

तिने पुन्हा मागे घेतली, पुन्हा काढली. आठ वेळा ड्रम पडला आणि आठही वेळा याने तो उचलून जागेवर ठेवला. शेवटी कमरेवर हात ठेवत तो म्हणाला, "उतर. नीट बघ आता." आणि स्वतः बसला. बस निघाली, तशीच, तळहाताच्या अंतराने. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, पोरीच्या तोंडावरचं कौतुक बघायला. पोरगी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती उकिडवी बसून जमीन बघत होती.

"बाबा, जरा खाली या."

तो गेला. तिने बोट दाखवलं. सहा नंबरच्या पांढऱ्या रेघेवरून टायर गेला होता. रेघेच्या पलीकडे चांगला दीड हात नक्षी उमटली होती.

"हे काय?" तिने विचारलं.

"काय म्हणजे? रेघ आहे."

"रेघ नाही, बाबा. इथे सहा नंबरची बस उभी आहे."

मिलिमीटरने आधी रेघेकडे बघितलं, मग ड्रमकडे, मग आपल्या हातांकडे. वळायचं एका बाजूला, पण त्याआधी दुसऱ्या बाजूला थोडं अंग टाकून जागा घ्यायची, ही त्याच्या हातांची सवय होती. डोक्याला न विचारता हात ते करून मोकळे व्हायचे. "अगं, एवढं तेवढं चालतं," तो म्हणाला. "रस्त्यावर सगळेच घेतात."

"रस्त्यावर पलीकडचा माणूस तुम्हाला बघून थांबतो. इथे त्या बसचा दरवाजा आहे." ती उठून रेघेच्या पलीकडे, टायरच्या नक्षीवर जाऊन उभी राहिली. "मी उतरतेय असं समजा. हातात पिशवी आहे, लक्ष पायरीकडे आहे."

ती हे अगदी शांतपणे बोलली. त्याने मात्र दंड धरून तिला रेघेच्या अलीकडे ओढलं.

"त्या दिवशी चाचणीतही मी असंच केलं असेल?" त्याने विचारलं खरं, पण उत्तर समोरच होतं. त्या नक्षीशेजारी तीन दिवसांपूर्वीची जुनी नक्षी होती, जराशी पुसट. दोन्हींत बोटभरही फरक नव्हता. अचूकपणाच्या बाबतीत गडी खरंच मिलिमीटर होता, त्यात वाद नाही. धाकटीच्या आठ खेपांपैकी एकही टायर त्या रेघेला शिवला नव्हता. ती आत राहिली होती, म्हणून तिचा ड्रम पडत होता.

घोळ असा झाला होता. नकाशावाल्यांच्या लेखी रेघ म्हणजे भिंत. ती कोणी ओलांडेल हे त्यांच्या मनातही येत नाही. ड्रायव्हरच्या लेखी रेघ म्हणजे रंग. तो टायरला लागतो आणि पुसून जातो. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते आणि दोघांनी मिळून एक न निघणारी बस कागदावर काढून दाखवली होती. बरं, आता रेघेच्या आत राहून स्वतः एकदा काढून बघावी, तर तेवढी मिलिमीटरची छाती झाली नाही. त्याने चावी खिशात टाकली आणि म्हणाला, "चल, आई वाट बघत असेल."

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत ऐकत होती. "नऊ दिवस राहिलेत तुमचे," ती म्हणाली. "ते स्थानक व्हायला तीन वर्षं. गप्प बसलात तर कोणाला कळणार आहे?"

"तीन वर्षांनी मी नसेन तिथे. ही असेल."

बायकोचे हात थांबले. आतल्या खोलीत धाकटी गणवेशाला इस्त्री करत होती. मग बायको म्हणाली, "सांगून टाका," आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

सोमवारी तो साहेबांकडे गेला. मॅडम तिथेच बसल्या होत्या, मापांच्या कामासाठी आलेल्या. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले.

"अहो, कशाला हे विकतचं दुखणं? झाकली मूठ सव्वा लाखाची. चौकटसुद्धा करायला टाकलीय मी."

मॅडम मात्र नकाशा उलगडून बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी बोट सहा नंबरवर ठेवलं होतं. "चूक माझी आहे, काका," त्या म्हणाल्या. "तिथे मी काहीतरी उभं करायला हवं होतं. आमच्या कचेरीत रेघ काढली की ती कोणी ओलांडत नाही. सवय झालीय." त्यांनी मान वर केली. "पुन्हा चाचणी घ्यावी लागेल. सहावर खरी बस उभी करून."

"घ्या की," साहेब म्हणाले. "पण यांना बसवायचं नाही. यांच्या धाकटीला बसवू. तिच्या पानावर आधीच दोन नोंदी आहेत, तिसरी झाली तर काय बिघडलं? तुमचं काम होईल आणि यांचं पानही शाबूत राहील."

खोटं कशाला सांगू, मिलिमीटरला ते क्षणभर पटलं. अगदी पटलं. पोरगी चालवेल, ड्रम पडेल, खांब हलेल आणि चौकट भिंतीवर लागेल. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

मॅडमनीच ते मोडलं. "तिला जमलं नाही एवढ्यावरून वरचे लोक खांब हलवणार नाहीत," त्या म्हणाल्या. "अनुभवी चालकाला सुलभ वाटतं असं लेखी आहे. ते म्हणतील, मुलगी नवी आहे, तिला शिकवा."

"मग?"

"तुम्हाला जमलं नाही तर कोणालाच जमणार नाही. एवढं सगळेच मान्य करतात."

लोकांनी आजवर केलेली स्तुती त्याला गोड लागत आली होती. ही पहिलीच घशात अडकली. आणि त्याला आपलंच ते सायकलचं बोलणं आठवलं, पोरीच्या देखत केलेलं, तिच्याच डेपोतल्या चार लोकांना हसवण्यासाठी. त्याची त्याला लाज वाटली. "गुरुवारी सकाळी मीच चालवतो," तो म्हणाला आणि साहेबांनी तोंड उघडायच्या आत बाहेर पडला.

गुरुवारी मैदानात सहा नंबरवर बस उभी होती, खरी, दारं उघडी ठेवून. डेपोतले सुट्टीवरचे ड्रायव्हरही बघायला आले होते. हात दाखवून अवलक्षण करून घेणारा माणूस रोज कुठे बघायला मिळतो? धाकटीने साहेबांची परवानगी काढली होती. ती बसमध्ये त्याच्या पाठीमागे, दांडा धरून उभी राहिली.

आता कोणाला वाटेल की तो मुद्दाम ड्रम पाडायलाच बसला होता. मुळीच नाही. चाकावर बसला आणि त्याला जिवाच्या आकांताने वाटायला लागलं की बस निघावी. कसंही करून निघावी, खांबही राहावा आणि पानही राहावं. पहिल्या खेपेला तो इतका सावकाश आला की बस चालतेय की उभी आहे हेच कळेना. ड्रमपासून चार बोटांवर थांबला, अंदाज घेतला आणि मागे घेतली. दुसऱ्या खेपेला आणखी उशिरा वळवली, तर पुढचा कोपरा फलाटाच्या काठावर जायला लागला. पुन्हा मागे घेतली. सकाळची वेळ, वारा सुटलेला, तरी शर्ट पाठीला चिकटला.

तिसऱ्या खेपेला त्याचे हात आपोआप दुसरीकडे वळले. त्याला कळलंसुद्धा नाही. चाक सहा नंबरकडे झुकलं, जागा हळूहळू मोकळी व्हायला लागली आणि अंगात ओळखीचं सुख पसरलं.

"बाबा," धाकटी हळूच म्हणाली, "सहावर बस आहे."

त्याने चाक सरळ केलं. दोन्ही हात दाबून सरळ धरलं, एखाद्या हट्टी जनावराला धरावं तसं, आणि आखलेल्या जागेत राहून वळवली. मागून एक बोदा आवाज आला. ड्रम आडवा झाला आणि थोडा गडगडत जाऊन थांबला.

साहेब पुढे आले. "हे धरायचं नाही," ते म्हणाले. "ही चाचणी आहे, फेरी नव्हे. आणि ड्रम म्हणजे काही खांब नाही."

"साहेब, खोक्याला टेकली तरी नोंद होते," मिलिमीटर खाली उतरत म्हणाला. "वही मागवा."

वही आली. त्याने आपलं पान उघडलं. एकतीस वर्षांत कागद कडेने पिवळा पडला होता. त्याने तारीख लिहिली, बसचा नंबर लिहिला आणि पुढे लिहिलं: रेघेच्या आत राहून बस निघत नाही. सात नंबरच्या खांबाला टेकली. खाली सही केली. ही सही पहिल्यासारखी झोकदार नव्हती, पण वाचता येत होती.

मॅडम शेजारी उभ्या राहून वाचत होत्या. "खांब हलवावा लागेल," त्या म्हणाल्या. "एक फलाट कमी होईल, बाकांची एक रांग जाईल. मी आजच कळवते." मग त्या जरा घुटमळल्या. "काका, हे पान मला मिळेल का? अहवालाला जोडायला हवं. नुसत्या माझ्या शब्दावर एवढं मोठं काम कोणी बदलणार नाही. एकतीस वर्षांत पहिली नोंद आहे, हे त्यांनी डोळ्यांनी बघायला हवं."

साहेबांनी मिलिमीटरकडे बघितलं. त्याने होकारार्थी मान हलवली. साहेबांनी पट्टी लावून पान कापलं. चौकटीसाठी कापलं असतं तितक्याच काळजीने कापलं आणि मॅडमच्या हातात दिलं. मॅडमनी ते नकाशाच्या गुंडाळीत ठेवलं आणि गुंडाळी दोन्ही हातांनी धरून त्या गाडीकडे गेल्या.

बस धुलाईच्या रांगेत लावायची होती. "मी नेते," धाकटी म्हणाली आणि चाकावर बसली. तो मागच्या सीटवर बसला. पोरीच्या बसमध्ये उतारू म्हणून तो पहिल्यांदाच बसत होता. ती ड्रमच्या बाजूने न जाता मैदानाला लांबून वळसा घालून निघाली.

"वाईट वाटलं, बाबा?"

"न वाटायला काय झालं? एकतीस वर्षं सांभाळलं होतं."

"मग रडा की."

"सगळे बघतायत. घरी गेल्यावर."

धाकटीने आरशात बघितलं आणि बसचा वेग कमी केला. धुलाईची रांग समोर दिसत होती, शंभर पावलांवर. तिथपर्यंतही त्याला धीर निघाला नाही.